तार ढिली निघाली की खांब सरकला?

मे महिन्यात सकाळी सात वाजता आमचे धुऱ्याचे शेजारी दारात उभे. "सर, तार ढिली निंगाली ना! हिवाळ्यात कशी टणटण वाजत होती, अन् आता पाय ठेवला का जमिनीले टेकते. दुकानदारानं फसवलं." रात्री रोही (नीलगायी) कुंपणाच्या त्याच तारेवरून आत येऊन गेले होते. दुपारी माणूस लावून तार पुन्हा ओढून घ्यायची, असा त्यांचा बेत होता.

मी म्हटलं, दुपारी ओढू नका. आधी तिला विचारू.

तारेला विचारता येतं. ताणलेली कुठलीही वस्तू तीन गोष्टी करते. ओढली की लांबते आणि सोडली की परत येते. ओढून धरून ठेवली की हळूहळू मऊ पडते. आणि एका टोकाला टिचकी मारली की ती टिचकी लाट होऊन दुसऱ्या टोकाला पोचते. या तिसऱ्या गोष्टीवरून पहिल्या दोन मोजता येतात. शाळेत मी हे मुलांकडून सायकलच्या ट्यूबवर करून घेतो आणि मगच शेतात नेतो. इथंही तोच क्रम ठेवतो. थेट तारेला हात घातला तर पोलाद लांबतं हे डोळ्यांना दिसतच नाही, आणि मग विश्वास बसत नाही.

ट्यूबच्या पट्टीपासून सुरुवात

पंक्चरवाल्याकडून टाकाऊ ट्यूब आणा. लांबीच्या दिशेनं एक सेंटिमीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. कडा सरळ हव्यात, कारण कडेला खाच राहिली तर पट्टी तिथंच फाटते. मधल्या भागात बॉलपेननं तीस सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा मारा. गाठीजवळचा भाग मोजमापात घेऊ नका, तिथं रबर दबलेलं असतं.

वरचं टोक दाराच्या चौकटीला बांधा, खालच्याला एक लिटरची रिकामी बाटली. आता पट्टी हातानं चार-पाच वेळा चांगली ताणून सोडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरतात. कोरं रबर पहिल्या ओढीला जास्त ताठ असतं, एकदा ताणलं की नरमतं, आणि नंतरच्या ओढी बऱ्यापैकी सारख्या येतात.

बाटलीत पाव-पाव लिटर पाणी घालत जा. पाव लिटर म्हणजे पाव किलो. दर वेळी अर्धा मिनिट थांबून रेघांमधलं अंतर लिहा. लिटरभर झालं की तसंच पाव-पाव लिटर काढत या आणि पुन्हा लिहा. पट्टी साधारण एक मिलिमीटर जाड असेल तर एक किलोला अंतर दीडपट ते दुप्पट झालेलं दिसेल. ट्यूबच्या जातीप्रमाणे हे बदलतं.

दोन गोष्टी लक्षात येतील. सुरुवातीला जेवढं वजन तेवढी वाढ, हे ढोबळमानानं जुळतं. रॉबर्ट हूकनं हा नियम १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवला आणि १६७८ साली उलगडून छापला : जसा ताण, तशी वाढ. दुसरी गोष्ट जास्त मजेची. अर्धा लिटर पाणी असताना चढत्या क्रमातला आणि उतरत्या क्रमातला आकडा एक येत नाही. उतरताना पट्टी थोडी लांबच राहते. ओढताना घातलेली सगळी मेहनत रबर परत करत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. नोटांना लावायचं रबर आणि ट्यूबची पट्टी शेजारी लावून बघा. ट्यूब बहुतेक ब्युटिल रबराची असते, ती जास्त खाते आणि कमी परत देते. गलोलीला कुठलं रबर चांगलं हे गुराख्यांच्या पोरांना हे न शिकता कळतं.

ही उष्णता ओठांना कळते. रुंद रबर ओठांना लावून झटकन ताणा, कोमट लागतं. ताणलेलंच ठेवून ते गार होऊ द्या आणि मग एकदम सैल सोडा, थंड लागतं. १८०५ साली ही गोष्ट छापून सांगणारा जॉन गॉफ अंध होता. त्यानं ती डोळ्यांनी नाही, ओठांनीच शोधली. त्याचीच दुसरी बाजू आपल्या उन्हात सहज दिसते. वजन लावलेली पट्टी सावलीत रात्रभर टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वजनासकट उन्हात आणा. रबर लांबत नाही, किंचित आखडतं. लोखंडी तार मात्र त्याच उन्हात लांबते. रबराचा ताण त्याच्या वेटोळ्या साखळ्यांच्या धडपडीतून येतो, आणि ऊन वाढलं की धडपड वाढते. पोलादात अणू आपापल्या जागेवर घट्ट बसलेले असतात. तापले की जास्त हलतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं.

धरून ठेवलं की काय होतं

त्याच पट्टीला एक लिटर पाणी लावून सोडून द्या. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस मिनिटांनी अंतर लिहा. वेळ दर खेपेला दुप्पट होते, वाढ मात्र दर खेपेला साधारण तेवढीच येते. म्हणजे वाढ थांबत नाही, नुसती मंदावत जाते. वजन तेच आणि लांबी सरकते, याला सरकण म्हणू.

आता उलट करायचं : लांबी तीच ठेवायची आणि ताण बघायचा. त्यासाठी कापूस वेचणीच्या दिवसांत गाठोडी मोजायला जो टांगता काटा असतो तसा छोटा, पाच-दहा किलोचा काटा घ्या. पट्टी दुप्पट ताणून एक टोक खिळ्याला आणि दुसरं काट्याला अडकवा आणि काटा पक्का बांधा. पहिल्या मिनिटात काटा भराभर उतरतो, मग रेंगाळतो. लांबी जागची हललेली नाही, पण ओढ कमी झाली. हे शिथिल होणं.

डिजिटल काटा वापरणार असाल तर एक फसगत सांगतो, माझी झाली होती. तो काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. भार लटकलेला असताना परत चालू केला की बरेच काटे तोच भार शून्य धरतात. इथं साधा स्प्रिंगचा काटाच बरा. तोही भरल्या गाठोड्यासकट रात्रभर टांगून ठेवू नका, सकाळी काटा शून्यावर येईलच असं नाही.

जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं १८६७ साली शिथिल होण्याला एक ठराविक काळ जोडला. हिशोबाला ते सोपं पडतं. खऱ्या वस्तूत मात्र असा एकच काळ नसतो, झटपट आणि संथ शिथिल होणं एकमेकांत मिसळलेलं असतं. लंबी रोटी करणाऱ्या बाईला विचारा. भिजवलेली कणीक लगेच हातावर ओढली तर आखडते आणि फाटते. मुरू दिली की तीच कणीक कोपरापर्यंत लोंबते आणि तुटत नाही. पीठ तेच, पाणी तेच. मधल्या वेळात आतला ताण उतरलेला असतो. बाजेची दोरी दर काही महिन्यांनी पायथ्याकडून ओढावी लागते, त्यातही हेच आहे, शिवाय गाठी सरकतात. नायलॉनच्या दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता महत्त्वाचा प्रश्न : पोलादी तार अशी शिथिल होते का? होते, पण आपल्या हवामानात आणि माफक ताणाला फार थोडी. नायलॉन ज्या मानानं उतरतं त्याच्यापुढं नगण्य. शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दल मला पहिली शंका आली ती इथंच.

दोरावर लाट

विहिरीवरचा जुना जाड दोर काढा, आमच्याकडे त्याला नाडा म्हणतात. दहा मीटर मोजून त्याचं वजन करा. समजा एक किलो भरला, म्हणजे मीटरला शंभर ग्रॅम. एक टोक लिंबाच्या बुंध्याला आणि दुसरं गाठोड्यांच्या मोठ्या काट्याला लावून चार किलोची ओढ धरा. हाताजवळ दोरावर एक जोरकस फटका मारा. उंचवटा पळत झाडापर्यंत जातो आणि परत येतो, पण उलटा होऊन. वर गेलेला खाली होऊन येतो, कारण टोक पक्कं बांधलेलं आहे.

पाच फेऱ्यांचा वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घ्या. फटका मारताना 'शून्य' म्हणायचं, 'एक' नाही. मुलांची निम्मी गणितं इथंच चुकतात. वर सांगितलेल्या दोराला एका फेरीला साधारण एक सेकंद लागेल, म्हणजे लाट सेकंदाला वीस मीटर धावते. आता ओढ सोळा किलो करा. वेळ निम्मा होईल. ओढ चौपट केल्यावर वेग दुप्पट होतो, कारण वेगाचा वर्ग म्हणजे ताण भागिले मीटरमागचं वस्तुमान. (ताण किलोत असेल तर त्याला ९.८१ नं गुणून घ्यायचं.)

जमलं तर हेच ट्यूबच्या पट्ट्या जोडून केलेल्या लांब दोरीवर करा. रबर भरपूर ताणल्यावर आणखी ताणलं तरी फेरीचा वेळ जवळपास तेवढाच राहतो. ताण वाढला, पट्टी विरळ झाली, लाट वेगात गेली. पण रस्ताही तेवढाच लांबला. मला स्वतःला हे गणित करूनही हातानं बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

लाटेची एक दुसरीही जात असते. तारेच्या टोकावर लांबीच्या दिशेनं दगडानं ठोका. दुसऱ्या टोकाला एकानं लाकडी काडी तारेला टेकवून कान काडीला लावायचा. त्याला दोन ठोके ऐकू येतील, आधी तारेतून आणि मग हवेतून. बारीक पोलादी तारेत ही दाबाची लाट सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावते, हवेत आवाज साडेतीनशे मीटर. शंभर मीटरला फरक पाव सेकंदाहून थोडा जास्त पडतो. या लाटेचा वेग पोलादाच्या ताठपणावर आणि घनतेवर ठरतो. तार ढिली की ताठ, याचा तिला जवळजवळ पत्ताच नसतो. म्हणून ताण मोजायला ती कामाची नाही, आडवी हलणारी लाटच हवी. जमिनीतही अशा दोन जाती धावतात. भूकंपात आधी दाबाची लाट येते आणि मागून आडवी, जास्त हलवणारी.

आता कुंपण

सगळ्यात आधी सुरक्षेचं. झटका मशीन (जनावरांना हुसकायला कुंपणात विजेचे झटके सोडणारं यंत्र) लावलेलं असेल तर ते बंद करून जोडणी काढा. विजेच्या खांबावरच्या तारांवर यातलं काहीही करायचं नाही. आणि घरची वीज थेट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे. त्यानं रानडुकरं मरतात, वाघ मरतात आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली माणसंही मरतात.

कोपऱ्याच्या खांबापासून कोपऱ्याच्या खांबापर्यंत एकच तार मधल्या खांबांवरून तात्पुरती सोडवा. ती गवताला, तुऱ्हाटीला, कशालाच टेकता कामा नये. वारा नसलेली सकाळ निवडा. खांबापासून हातभर अंतरावर तारेवर एक बोट हलकेच ठेवा, त्याच्याजवळ काठीनं एक टोला मारा आणि बोटाला परतीचे धक्के मोजा. पाच फेऱ्या, तीन वेळा. मधला आकडा घ्या आणि पाचनं भागा.

आणि आता गंमत. ताणलेल्या तारेला मध्यभागी किती झोळ आहे हे या एका वेळेवरून कळतं :

झोळ (मीटर) = ०.३०७ × वेळ × वेळ

तारेचा गेज, लांबी, धातू, वजन, काहीही लागत नाही, ते सगळं गणितात एकमेकांना कापून जातं. एक सेकंदाला एकतीस सेंटिमीटर झोळ, पाऊण सेकंदाला सतरा, अर्ध्याला आठ. उंच मनोऱ्यांवरच्या विजेच्या वाहिन्या ओढताना बंद वाहिनीवर कर्मचारी हीच युक्ती स्टॉपवॉच घेऊन वापरत आले आहेत, कारण तिथं मोजपट्टी घेऊन कोण चढणार?

ताण किलोत हवा असेल तर :

ताण = ०.४०८ × मीटरमागचं वजन (किलोत) × (लांबी ÷ वेळ) चा वर्ग

बारा गेजची तार २.६४ मिलिमीटर जाड असते आणि मीटरला सुमारे ४३ ग्रॅम भरते. साठ मीटरच्या मोकळ्या तारेत एका फेरीला ०.८ सेकंद आले तर ताण शंभर किलोच्या जवळ आहे. स्टॉपवॉच दाबण्यात पाच फेऱ्यांमागे ०.२ सेकंदाची चूक झाली तरी ताणात दहा टक्क्यांचा फरक पडतो. कुंपणाला एवढी अचूकता पुष्कळ.

तार सोडवायची नसेल तर दोन खांबांच्या मधोमध पाच किलोचं वजन टांगा आणि तार किती खाली येते ते मोजा. ताण म्हणजे वजन गुणिले खांबांमधलं अंतर, भागिले खाली आलेल्या अंतराची चौपट. तीन मीटरवर खांब असतील आणि तार पावणेचार सेंटिमीटर उतरली तर शंभर किलो. पण तार मधल्या खांबांवर मोकळी सरकत असेल तरच हा आकडा धरा. आवळून बांधली असेल तर उत्तर फुगून येतं. तसंही मधल्या खांबांना तार आवळू नये.

शेजाऱ्यांच्या तारेवर हे करण्याआधी मी त्यांना कागदावर एक हिशोब दाखवला. साठ मीटर तार शंभर किलोनं ओढली तर किती लांबते? सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं. ट्यूबची पट्टी एका किलोला दुप्पट होते, आणि पोलादाची ही गत. म्हणजे कोपऱ्याचा खांब तारेच्या उंचीवर नुसता तीन बोटं आत झुकला की सगळा ताण गेला. तार निर्दोष असली तरीही.

ऊन वेगळं. पोलादाचा प्रत्येक मीटर दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर लांबतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी पंचेचाळीस धरले तर साठ मीटरला अडीच सेंटिमीटर होतात. शंभर किलोपैकी सत्तेचाळीस किलो तिथंच उतरतात. उन्हात तार हवेपेक्षाही तापते, तो भाग निराळाच. याचं उलटही तेवढंच खरं : मेच्या दुपारी शंभर किलोवर ओढलेली तार डिसेंबरच्या पहाटे दीडशेच्या घरात जाते. मऊ जीआय (जस्त चढवलेली) तार अशा ताणाला कायमची लांबू शकते, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात खरोखरच ढिली निघते. दुपारी ओढू नका म्हटलं ते यासाठी.

मग तपासणीचा क्रम असा लागतो. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा फेरीचा वेळ घ्या. फरक पडला तर तेवढा भाग उन्हाचा. पहाटेचा ताणही अपेक्षेपेक्षा फार कमी असेल तर कोपऱ्याच्या खांबाला ओळंबा लावा. खांब ओळंब्यात असेल तर गाठी आणि वेढे बघा. सरकलेल्या वेढ्याजवळ तारेवर चकचकीत ओरखडा दिसतो. हे सगळं ठीक निघालं तरच तारेवर आणि दुकानदारावर संशय घ्या.

आपल्या काळ्या मातीत खांबाचाच नंबर बहुधा पहिला लागतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खांबाभोवती फट तयार होते. ताण त्याला रोज थोडा थोडा आत ओढतो. ट्यूबची पट्टी जशी सरकत होती तशीच ही मातीही सरकते, फक्त महिन्यांच्या हिशोबानं.

उपाय दोन आहेत. कोपऱ्याच्या खांबाला आतल्या बाजूनं, तार ज्या दिशेला ओढते तिकडून, तिरपा आधार द्या. आधाराचा पाया भेगांच्या थराखाली, मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर रुंद काँक्रीटवर टेकवा. दुसरा उपाय रबराकडून शिकलेला : तारेच्या टोकाला एक दणकट स्प्रिंग घाला. शंभर किलोला दहा सेंटिमीटर सरकणारी स्प्रिंग असेल तर तार आणि स्प्रिंग मिळून पंधरा सेंटिमीटरवर ताण पसरतो. मग खांब तीन बोटं झुकला तरी एक तृतीयांशच ताण जातो, आणि उन्हाळ्यात सत्तेचाळीसऐवजी सोळा-सतरा किलो. स्प्रिंगच्या जागी ट्यूबचे वेढे घालू नका. आमच्या एका विद्यार्थ्यानं घातले होते. ऊन आणि सततचा ताण मिळून ते पहिल्या उन्हाळ्यातच लोंबले.

शेजाऱ्यांच्या तारेला पहाटे पाच फेऱ्यांना साडेआठ सेकंद लागले. फेरीला १.७, म्हणजे जवळजवळ नव्वद सेंटिमीटर झोळ आणि ताण बावीस-तेवीस किलो. ओळंबा लावला तर पूर्वेचा खांब वरच्या तारेपाशी अडीच-तीन बोटं आत. वेढे जागच्या जागी होते.

खांब सरळ करून आधार दिला आणि पुढच्या आठवड्यात पहाटे सहा वाजता तार ओढली. हवा अठ्ठावीस अंश होती, म्हणून शंभरऐवजी पंचाहत्तर किलोवर थांबलो. खांबावर ऑइलपेंटनं तारीख, तापमान आणि फेरीचा वेळ लिहून ठेवला : ०.९२ सेकंद. आता डिसेंबरात तो ०.८ च्या आसपास यायला हवा. तोवर दुकानदाराशी बोलणं सुरू झालं आहे, पण उधारी अजून बाकी आहे.